‘बाहेर बसून सल्ले देणे सोपे असते’ या प्रतिक्रियेस उत्तर

महोदय,

सातवीपर्यंतच्या मुलांकडून व्याकरणाच्या व्याख्या अर्थ कळण्याआधी पाठ करून घेऊ नयेत, या माझ्या लेखातील म्हणण्यावर आपण लिहिता की, व्याख्यांशिवाय शिष्यवृत्ती परीक्षेत गुण मिळत नाहीत, माझे विभक्तीचे एक उदाहरण चुकले आहे आणि ‘बाहेर बसून सल्ले देणे सोपे असते’.

उदाहरणाची चूक मान्य आहे. ‘आजीने नातवाला खाऊ दिला’ यातील ‘नातवाला’ची विभक्ती मी द्वितीया लिहिली होती, ज्याला द्यायचे तो संप्रदान, म्हणून ती चतुर्थी. दुरुस्ती केली आहे.

‘बाहेर बसून’ हे मात्र मला मान्य नाही, आणि ते ज्या सुरात लिहिले आहे तो तर मुळीच नाही. करवीर तालुक्यातील एका शाळेत मी 27 वर्षे मराठी शिकवले. त्यांतील पहिली आठ वर्षे मी व्याख्या पाठच करून घेत होतो, कारण वह्या तपासताना वरिष्ठ तेवढेच पाहत. त्या काळातला एक मुलगा मला अजून आठवतो. ‘क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते तेव्हा कर्मणी प्रयोग होतो’ हे तो एका दमात म्हणे, आणि ‘मी भाकरी खाल्ली’ याचा प्रयोग विचारला की कर्तरी सांगे. मी त्याला रागावलो. पुढे कळले की त्याच्या घरी, आपल्या भागातील अनेक घरांप्रमाणे, ‘मी भाकरी खाल्लो’ असेच बोलतात आणि तिथे क्रियापद खरोखर कर्त्याप्रमाणेच चालते. त्याचा कान बरोबर होता. पाठांतराने त्याला पुस्तकातली मराठी आणि घरची मराठी यांतला फरक दाखवलाच नव्हता. ‘मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळे खाल्ले’ ही तीन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली असती, तर काय बदलले हे त्याने स्वतःच सांगितले असते आणि मग व्याख्या त्याच्या तोंडी आपोआप आली असती. वर्गात उभे राहून केलेल्या चुकीतून मी हे शिकलो. त्याला तुम्ही ‘बाहेर बसणे’ म्हणत असाल, तर तुम्ही माझा लेख पुरता वाचलेला नाही.

उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहिण्याचेही तेच. ‘पंचगंगेला पूर आला म्हणून बाजार भरला नाही’ यातील ‘म्हणून’ हे उभयान्वयी (दोन वाक्ये जोडणारे) अव्यय आहे, हे यादी पाठ असलेले मूल चटकन सांगते. हेच वाक्य ‘कारण’ वापरून लिहायला सांगितले, तर बरीच मुले फक्त शब्द बदलतात आणि ‘पूर आला कारण बाजार भरला नाही’ असे लिहून मोकळी होतात. दोन्ही वाक्यांची अदलाबदल करावी लागते हे ज्याला उमगते, त्याला उताऱ्यातील ‘का?’ या प्रश्नाचे उत्तरही सापडते. इतर मुले प्रश्नातला शब्द उताऱ्यात जिथे दिसेल तिथले वाक्य उतरवून काढतात.

शिष्यवृत्तीच्या गुणांबद्दल एवढेच म्हणतो की, त्या प्रश्नपत्रिकेत पर्यायांतून उत्तर निवडायचे असते, व्याख्या लिहायची नसते.

आपल्या ओळखीत सातवीतले मूल असेल, तर त्याला पुराचे ते वाक्य ‘कारण’ घालून लिहायला सांगा आणि त्याने काय लिहिले ते इथे कळवा. त्यावर मी सविस्तर बोलेन. मात्र तुम्ही ‘बाहेर बसून’ हे शब्द मागे घेतल्यावर.