औषधाला ‘सुट्टी’ दिली की विषाणूचं फावतं

ओळखीतल्या एक आजी नातवाच्या एचआयव्हीच्या गोळ्या वर्षानुवर्षं वेळेवर देत आल्या आहेत. परवा त्यांनीच विचारलं, ‘महिन्यातून आठवडाभर बंद ठेवल्या तर चालेल ना?’ कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: रोजच्या गोळ्यांना विषाणू सरावतो, म्हणून आठवडाभर सुट्टी द्या, परदेशी संशोधनही हेच सांगतं, गोळ्या एकदा लागू पडेनाशा झाल्या की उपाय संपले, त्यापेक्षा काढा बरा.

सुट्टीचं आधी बोलू, कारण पोराच्या जिवावर बेतेल ते यानेच. विषाणू गोळ्यांना सरावत नाही. वाढताना तो स्वतःच्या नकला काढतो, नकलांत चुका होतात आणि एखादी चूक नेमकी औषधाला दाद न देणारी निघते. तीन औषधं रोज रक्तात पुरेशी असली की नकला निघणंच थांबतं. गोळ्या चुकल्या की पुन्हा सुरू. त्यात एफाविरेन्झ, नेविरॅपिन ही एचआयव्हीची औषधं रक्तात बरेच दिवस रेंगाळतात, जोडीची औषधं आधीच उतरतात. म्हणजे सुट्टीत विषाणूसमोर एकच औषध उरतं, आणि या दोघांना निकामी करायला विषाणूतला एक बदलही पुरतो. रेझिस्टन्स, म्हणजे विषाणूने औषधाला दाद न देणं, टाळायला सांगितलेला हा उपायच रेझिस्टन्स तयार करतो!

संशोधनाचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रीदर चाचणीत ८ ते २४ वर्षांचे १९९ जण होते. त्यातल्या निम्म्यांनी आठवड्याचे पाच दिवस गोळ्या घेतल्या, दोन दिवस नाही. तरी ४८ आठवडे विषाणू इतरांइतकाच दबलेला राहिला. पण सगळे एफाविरेन्झवर, किमान वर्षभर व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलिलिटरमधल्या विषाणूच्या नकला) ५०च्या खाली असलेले, डॉक्टरांच्या नजरेखालचे. आणि सुट्टी दोन दिवसांची, आठवड्याची नव्हे.

उपाय संपले, हेही खोटं. २०२१च्या ओडिसी चाचणीतल्या ७०७ मुलांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या फळीचे, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावरचे, उपचार सुरू करणारी होती. ९६ आठवड्यांत उपचार निष्फळ ठरण्याचं प्रमाण डोल्युटेग्रॅव्हिर या औषधावर १४ टक्के, तेव्हाच्या प्रचलित औषधांवर २२ टक्के.

काढ्याने व्हायरल लोड उतरत नाही. बस.

गोळ्या का लागू पडत नाहीत ते शोधायचंच असेल तर हे बघा: वजन वाढूनही डोस जुनाच आहे का, कडू सिरप पोर थुंकतं का, आई-वडील गेल्यावर औषध कोण देतं, वयात आलेल्या मुलाला गोळ्या कशाच्या हे कुणी सांगितलंय का. व्हायरल लोड १०००च्या वर गेला तर गोळ्या चालू ठेवून एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, जा. औषध बदलायचं की नाही, ते तिथले डॉक्टर ठरवतील.