तोंडात तीळ न भिजणारी बोंडं

ज्याला गुपित सांभाळता येत नाही त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आपण म्हणतो. हा वाक्प्रचार ज्यानं काढला त्यानं तिळाचं पीक घेतलेलं असणार. आणि ते कापायला त्याला उशीर झालेला असणार.

दहा गुंठ्यांचा तुकडा पडीक होता, म्हणून मी तीळ घ्यायचं ठरवलं. बियाणं आणायला पोतं घेऊन निघालो. लागलं ३०० ग्रॅम. हजार दाण्यांचं वजन ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्या पुडीत लाखभर दाणे. नुसतंच पेरायला घेतलं तर चार पावलांत पुडी रिकामी, म्हणून ते चाळलेल्या वाळूत मिसळायचं. दाणा खोल गेला तर उगवत नाही, उघडा राहिला तर मुंग्या नेतात. माझ्या शेतातल्या मुंग्यांचं ते वर्ष फार चांगलं गेलं.

पंधरा-वीस दिवसांनी विरळणी. ओळींत ३० सेंटिमीटर आणि रोपांत १५ अंतर धरलं तर दहा गुंठ्यांत बावीस हजार रोपं मावतात. बाकीची उपटायची. मी मात्र ‘हे बघ किती तरतरीत आहे’ म्हणत एकेकाला जीवदान देत बसलो. शेवटी आई खुरपं घेऊन आली. “अरे, हे शेत आहे की अनाथाश्रम?”

मग काही झाडांना फुलांच्या जागी पानांचे झुपके आले. जो भेटेल त्याला मी ते कौतुकानं दाखवत होतो. तो पर्णगुच्छ रोग, तुडतुड्यांनी पसरवलेला, आणि त्या झाडाला बोंड धरतच नाही, हे कळल्यावर त्याच लोकांना चुकवत फिरलो.

खरी परीक्षा कापणीची. तीळ खालून वर पिकतो. शेंड्याला फूल असतं तेव्हा तळाचं बोंड तडकायला टेकलेलं. शेंड्याची वाट बघावी तर तळ रिकामा होतो, तळाची काळजी करावी तर शेंड्याचे दाणे पोचट. पानं पिवळी पडून गळू लागली, तळाची बोंडं अजून मिटलेली आहेत, तेव्हाच विळा लावायचा. मी ‘उद्या बघू’ असं सलग तीन दिवस म्हणालो. चौथ्या दिवशी वारा सुटला.

१९४३ साली व्हेनेझुएलात लँगहॅम नावाच्या संशोधकाला न तडकणाऱ्या बोंडांचा तीळ सापडला होता, असं वाचलं आणि जीव भांड्यात पडला. पुढे वाचलं तर ती बोंडं इतकी घट्ट, की मळणीत दाणे सुटेनात. म्हणजे हा प्राणी एकतर सगळं ओकून टाकणार, नाहीतर तोंडच उघडणार नाही.

उरलेलं पीक कापून पेंढ्या बांधल्या. “पेंढी उभी धर हं, आडवी केलीस तर वाटेतच सांडेल,” आईनं बजावलं. उभीच धरली, असं मी सांगितलं. खळ्यावर पेंढ्या शेंडे वर करून आठवडाभर वाळवल्या, मग ताडपत्रीवर उलट्या करून काठीनं ठोकल्या. सरसर तीळ पडला. त्याबरोबर वाळूही! पेरताना मिसळलेली वाळू जमिनीनं व्याजासकट परत केली असावी. आईनं दोन दिवस सूप धरलं. मी तिसऱ्या दिवशी दातानं कचकच मोजली.

तक्रार मात्र फार काळ टिकत नाही. दाण्याच्या वजनाचा निम्मा भाग जवळजवळ तेलच. शिवाय त्या तेलात सेसॅमॉलसारखे घटक असल्यानं ते लवकर खवट होत नाही. घाण्यावरची पेंड गुरांना, काड्या चुलीला. खायला म्हणून मूठभर भाजायला घेतला, तर तिथेही निम्मा तडतडत कढईबाहेर.

पुढच्या पावसात शेतापासून खळ्यापर्यंतच्या वाटेवर तिळाची रोपं उगवली, दाट आणि एका ओळीत. आई ती ओळ शेवटपर्यंत चालत गेली, आणि परत येऊन माझ्याकडे नुसती बघत राहिली.