गोचिडीला उदबत्तीचा चटका देऊ नका

पाऊस लागला की आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज बांधावरच्या हरळीसारखा पुन्हा उगवतो. ‘कुत्र्याला गोचीड लागली तर रॉकेल चोळा किंवा उदबत्तीचा चटका द्या, आपोआप सुटेल. ओढलीत तर डोकं आत राहून विष पसरतं. जखमेवर हळद नाहीतर राख दाबा, बाकी कुत्रं चाटून बरं करतं. डॉक्टरकडे पैसे घालवू नका.’ यंदा तो पाठवणारे काका माझ्या आवडीचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चटक्याचा प्रयोग मी स्वतः केलाय. शेरू मखमलाबादकडच्या मळ्यातून हुंदडून आला आणि त्याच्या कानाच्या घडीत एरंडाच्या बीएवढी टम्म गोचीड दिसली. मी उदबत्ती टेकवली. केस जळल्याचा वास आला, शेरूने कान झटकला, गोचीड जागेवरच! कानावर आलेला फोड मात्र आठवडाभर पुरला. चटका काय, रॉकेल काय, डिवचलेली गोचीड सुटण्याआधी आपली लाळ आणि पोटातलं द्रव जखमेत ओकण्याचा धोका असतो, आणि रोगाचे जंतू असतात ते तिथेच. शिवाय रॉकेलने कातडी भाजते, आणि कुत्रं ते चाटणारच.

ओढायचीच, पण नीट. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिचं तोंड धरायचं, पोट नाही, आणि एका दमात सरळ वर ओढायचं. बोटांनी चिरडायची नाही. झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाकायची. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरत बसू नका, कातडी तो बहुधा आपणच बाहेर टाकते. ‘विष पसरतं’ ही निव्वळ भीती.

हळदीशी माझं वैर नाही. पण ओल्या जखमेवर दाबलेल्या हळदीची खपली होते आणि खाली पू साठला तरी कळत नाही. राख तर घाणच. खरचटलं असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ घालून धुवा, मग बीटाडिन फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करून लावा. चाटू देऊ नका. खरखरीत जिभेने जखम पुन्हा सोलली जाते. दुसऱ्या कुत्र्याने चावलेलं भोक बाहेरून तुरीएवढं दिसलं तरी आत खोल असतं. ते, आणि अळ्या पडलेली जखम, घरी करायचं काम नाही.

मेसेजमध्ये घराचा उल्लेखच नाही, आणि खरी गोम तिथे आहे. आपल्याकडची कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्यावर नसतेच. रक्त पिऊन उतरते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत शिरते. एक मादी हजारो अंडी घालते. शेरूच्या अंगावरच्या सगळ्या काढून मी निर्धास्त झाले होते. पंधरा दिवसांनी खिडकीच्या चौकटीवर तिळाएवढे ठिपके वर चढताना दिसले. तेव्हा फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, आणि वजनाप्रमाणे गोचिडीचं औषध डॉक्टरांना विचारून द्या. (घरात मांजर असेल तर तसं सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.)

आता ते पैसे. गोचिडीतून कुत्र्याला एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे ताप येतात. गोचीड काढली त्या दिवशी काहीच दिसत नाही. दिसतं ते बहुधा एक ते तीन आठवड्यांनी. जेवण सुटतं, अंग तापतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येतं किंवा लघवी गडद लाल होते. मग रक्ततपासणीला पर्याय नाही, आणि माणसाची क्रोसीन-कॉम्बिफ्लाम तर अजिबात नको. म्हणून काका, गोचीड काढली की चिमटा ठेवायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.