लाइटवाले फॅन तुम्हालाच लखलाभ

ठाण्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात जा आणि विचारा, "१२० एमएमचा, पण १५ एमएम जाडीचा फॅन आहे का?" काउंटरवरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग आतल्या पोऱ्याकडे बघतो, आणि मग तुमच्यासमोर आरजीबी, म्हणजे रंगीत लाइटवाल्या फॅनचा तीनचा पॅक आपटतो. "सर, हा घ्या, जाम खपतोय. सगळ्यात बसतो."

सगळ्यात कुठे बसतो? तो २५ एमएम जाड आहे! माझं कॅबिनेट मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचं आहे, म्हणजे आतला बोर्डच १७ बाय १७ सेंटिमीटरचा. ग्राफिक्स कार्ड आणि तळाची जाळी यांच्यामध्ये १८ एमएम जागा उरते. पट्टी लावून मोजलंय, फोटो काढून दाखवलाय. त्यावर उत्तर काय मिळालं? "थोडं दाबून बसवा ना." अहो, फॅन आहे तो! पाती फिरायला हवीत त्याची. दाबून बसवायला ती काय विरार लोकलची चौथी सीट आहे का?

आणि तो लाइटचा सोस! कॅबिनेट टेबलावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, फॅन तळाला. कोणाला दिसणार आहेत ते सोळा रंग? पण लाइट नसलेला काळा फॅन मागितला की म्हणे, "ते आता कोणी घेत नाही." बरं, लाइट विकता तर निदान त्याची माहिती तरी ठेवा. एआरजीबीची, म्हणजे ज्यात एकेका एलईडीचा रंग वेगळा बदलता येतो त्याची, पिन ५ व्होल्टची, साध्या आरजीबीची १२ व्होल्टची. चुकीच्या जागी खोचली तर एलईडी जळून जातात. हे विचारलं तर म्हणे, "जिथे बसेल तिथे लावा." धन्य!

दुकानदार एक वेळ परवडला, पण खोक्यावर छापलेले आकडे? त्यांनी तर वैताग आणलाय. मोठ्या अक्षरात सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो ते. हा आकडा मोजतात समोर काहीही अडथळा नसताना. त्याच्या खाली स्टॅटिक प्रेशर, म्हणजे फॅन हवेवर किती दाब देतो ते, आणि ते मोजतात हवा पूर्ण अडवून. म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत! माझ्या कॅबिनेटमध्ये हवेला आधी जाळी, मग धुळीचा फिल्टर, मग हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, दाट पट्ट्या अशी वाट काढायची असते. तिथे फॅन या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालणार. नेमका कुठे, ते सांगणारा आलेख छापा की! खोक्यावर ड्रॅगन छापायला जागा आहे, आलेखाला नाही.

आवाजाचीही तीच कथा. "फक्त २५ डीबीए." किती अंतरावरून मोजलं? किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या असताना? जाळीला चिकटवून की मोकळ्यावर? एक मीटरवरून मोजलेला आवाज अर्ध्या मीटरवर साधारण ६ डेसिबलने वाढतो, आणि छोटा पीसी माझ्या कानापासून हातभर अंतरावर असतो. त्यात पाती जाळीच्या अगदी जवळून हवा ओढत असतील तर जी घरघर सुरू होते, ती कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. कॉलवर समोरचा विचारतो, "मिक्सर चालू आहे का?"

बारीक फॅनही काही जादू करत नाही, मला माहीत आहे. जाडी कमी म्हणजे पाती उथळ, मग तितकाच दाब द्यायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणून तर त्यातला चांगला हवा ना! नॉक्टुआ कंपनीचा तो तपकिरी १५ एमएमवाला चांगला आहे, पण त्याची किंमत बघून बायको विचारते, "एवढ्यात छताचा पंखा येत नाही का?" येतो. चांगला येतो. स्वस्तातला ऑनलाइन मागवायला जावं, तर नावात 'स्लिम' आणि खाली मापात १२० बाय १२० बाय २५. मग स्लिम कोण, मी?

फॅन-कूलरची टेस्ट घेऊन दाखवणारे व्हिडिओवाले ज्ञानी लोक तर वेगळेच. त्यांच्या एसी लावलेल्या खोलीत २२ डिग्री. चिपवरचा कूलर कितीही भारी असला तरी फॅन खोलीतलीच हवा फिरवतो. चिप खोलीपेक्षा ५० डिग्री वर जात असेल तर त्यांच्याकडे ७२ आणि मे महिन्यात माझ्याकडे, ३५ च्या खोलीत, सरळ ८५. वर घोडबंदर रोडची धूळ. मेट्रोचं काम, टॉवरची कामं, सिमेंटचे मिक्सर. फिल्टर काढला तर हीटसिंकवर गालिचा, ठेवला तर तो भरतो आणि हवाच अडते. खिडकी बंद ठेवून एसी लावावा, तर महावितरणचं बिल कोण भरणार?

शेवटी दुकानदार म्हणे लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा. म्हणजे ठाण्याहून लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, एका फॅनसाठी! तिथेही खोकं उघडायच्या आधीच सांगतात, "उघडलं की परत नाही." मग बसतोय की नाही हे मी बाहेरून वास घेऊन ओळखू?

आणि "एवढा त्रास आहे तर मोठं कॅबिनेट घे ना" म्हणणाऱ्या समस्त मित्रमंडळींनी एकदा घरी यावं. वन बीएचके आहे. टेबल एकच, अर्ध्यावर मुलीचा अभ्यास असतो. ते मोठं कॅबिनेट ठेवायचं कुठे, तेवढं दाखवा, आजच घेतो.