ग्रीन कार्ड नाही म्हणून टॅक्समध्ये ‘नॉन-रेसिडेंट’? तसं नसतं

जानेवारीअखेर डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेले पगार-कराचे दाखले) हाती पडू लागले की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर मिळाला, वर मावसभावाने खास वेगळा पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘ग्रीन कार्ड नाही म्हणजे तुम्ही नॉन-रेसिडेंट, भारतातलं उत्पन्न इथे दाखवू नका. तिथे टीडीएस कापला की विषय संपला. एनआरई (अनिवासी भारतीयांचं परदेशी कमाईचं खातं) आणि पीपीएफ करमुक्त. एका खात्यात १०,००० डॉलरपेक्षा कमी असतील तर कुठलाही फॉर्म नाही. विद्यार्थ्यांनी नेहमीच्या सॉफ्टवेअरवरून रिटर्न भरावं, रिफंड जास्त येतो.’

पहिल्याच वाक्यात गाडी घसरली आहे. इमिग्रेशनवाल्यांचा रेसिडेंट वेगळा आणि आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचा, वेगळा. आयआरएस दिवस मोजते: चालू वर्षाचे सगळे, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ भरली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस इथे असलात, की तुम्ही करापुरते रेसिडेंट. वर्षभर एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) नोकरी करणारा माणूस यातून सुटत नाही, आणि रेसिडेंटला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडंसुद्धा.

एफ-वनवाल्यांचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांचे, दिवस पाच वर्षं मोजत नाहीत. पण ही कॅलेंडर वर्षं, बरं का. ऑगस्ट २०२१ मध्ये विमानातून उतरलेल्याचं अख्खं २०२१ खर्ची पडलं, २०२५ मध्ये पाच भरली, २०२६ पासून मोजणी सुरू. याच पाच वर्षांच्या आत १ ऑक्टोबरला एच-वन लागला, तर डिसेंबरअखेर ९२च दिवस होतात. त्या एका वर्षापुरता निरोप चुकून बरोबर ठरतो.

विद्यार्थ्यांना दिलेला सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तो रिफंडचं गाजर दाखवतो. नॉन-रेसिडेंटचा फॉर्म १०४०-एनआर. घरोघरी वापरली जाणारी सॉफ्टवेअरं बहुधा रेसिडेंटचा साधा १०४० भरतात, आणि रिफंड फुगतो तो हक्क नसलेल्या शिक्षण-क्रेडिटमुळे (करातून थेट वजा होणाऱ्या सवलतीमुळे). २०२० मध्ये कोविडचे सरकारी चेक असेच कित्येक विद्यार्थ्यांच्या खात्यात आले. नंतर दुरुस्तीचा १०४०-एक्स भरून निस्तरत बसावं लागलं. गंमत म्हणजे जे खरोखर मिळतं ते निरोपात नाही. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआरवरही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. शिवाय नॉन-रेसिडेंट असेपर्यंत, ओपीटीवरसुद्धा (विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर), सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के लागू नाहीत. कंपनीने कापले असतील तर आधी पेरोलकडे मागा, तिथे दाद लागली नाही तर आयआरएसकडे परताव्याचा फॉर्म ८४३. उत्पन्न शून्य असलं तरी, दिवसमोजणीतून सूट असल्याचं कळवणारा फॉर्म ८८४३ मात्र पाठवायचाच.

आता टीडीएस. १९८९ च्या कराराचा अर्थ ‘एकाच देशात भरा’ असा लावला जातो. अर्थ असा की इथे उत्पन्न दाखवा आणि भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फॉर्म १११६ वर घ्या. त्यातही मेख आहे. एनआरओच्या (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्याच्या) व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस कापते, करारात मात्र कमाल १५ टक्के आहे. वरचे पैसे भारतात रिटर्न भरून परत मिळवायचे. अमेरिका त्यांचं क्रेडिट देत नाही.

‘करमुक्त’ हा शब्द ऐकला की विचारावं, कुणाच्या कायद्यात? एनआरई आणि पीपीएफचं व्याज भारताने सोडलंय, अमेरिकेने नाही. आणि तिथे कर भरलाच नाही तर क्रेडिट कशाचं घेणार? म्हणजे इथला कर पूर्ण. हौसेने चालू ठेवलेल्या एसआयपीचं दुखणं तर आणखी मोठं: भारतीय म्युच्युअल फंड इथे ‘पीफिक’ (निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतात, आणि त्यांचा फॉर्म ८६२१ बघून चांगले सीएही सुस्कारा टाकतात.

उरला १०,००० डॉलरचा मुद्दा. ही मर्यादा खात्यागणिक नाही. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून आहे, आणि वर्षात एक दिवस जरी ओलांडली तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा. तो रिटर्नसोबत जात नाही, फिनसेनच्या (अमेरिकी अर्थखात्याच्या आर्थिक गुन्हेविरोधी विभागाच्या) साइटवर वेगळा भरतात, आणि त्यात कर एक पैचाही नसतो. मुदत १५ एप्रिल, न मागता मिळणारी वाढ १५ ऑक्टोबरपर्यंत. आपल्याकडे लोक अडकतात ते जोडखात्यांत. आईबाबांच्या ठेवींवर ‘असू दे रे तुझंही नाव’ म्हणून आपलं नाव घातलेलं असतं. आईच्या चार एफडींवर माझं नाव होतं, मला त्यातल्या दोनच ठाऊक होत्या. पैसे आईचेच असतील तर व्याजावरचा कर आपल्या माथी येत नाही, पण खातं कळवावं लागतं, आणि तेही पूर्ण रकमेचं.

बँकेकडून व्याजाचा दाखला मागताना जानेवारी ते डिसेंबर असा मागा. समोरचा माणूस दोनदा विचारेल, कारण त्याचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. तरी तसाच मागा.