टाळीची म्हण मारहाणीला लावू नका

“टाळी एका हाताने वाजत नाही. जोडप्यात मारहाण होते तेव्हा चूक दोघांची असते. तिनेही हात उचललेला असतो, म्हणजे दोघेही सारखेच.” या आशयाचा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. पाठवणाऱ्यांना बहुधा न्यायानेच बोलायचं असतं. पण तो वाचून मार खाणारं माणूस आणखी गप्प होतं, म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

“तिनेही मारलं, म्हणजे दोघे सारखेच.” यात फक्त फटके मोजलेत. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन १९९५पासून सांगत आले आहेत की जोडप्यांमधली हिंसा एकाच जातीची नसते. काही घरांत एकजण दुसऱ्याचं सगळं जगणं मुठीत ठेवतो: पैसे, फोन, कुणाला भेटायचं, किती वाजता परतायचं. मारहाण हे त्या पकडीचं एक हत्यार असतं. त्या पकडीतून सुटायला उगारलेला हात ही दुसरी गोष्ट. आणि काही जोडप्यांत कुणाचाच कुणावर धाक नसतो, पण भांडण वाढत वाढत हातघाईवर येतं. या तिसऱ्या प्रकारात दोघांनीही हिंसा केलेली असू शकते, आणि ज्याने त्याने आपापल्या कृतीचा जाब द्यायला हवा, हे मला मान्य आहे. पण तिन्हींना एकच नाव दिलं की पहिल्या प्रकारातला माणूस तिसऱ्याच्या आडोशाला लपतो.

मग ओळखायचं कसं? पहिला फटका कुणाचा, हे विचारून फारसं कळत नाही. घरात कोण कुणाला भितं, ते विचारावं. दाराची कडी वाजली की कुणाच्या पोटात गोळा येतो? साधं वाक्य बोलण्याआधी कोण समोरच्याचा चेहरा वाचतं? “नाही” म्हटल्यावर पुढे काय होतं? आणि गेल्या काही वर्षांत कुणाचं आयुष्य आक्रसत गेलं, कुणाची नोकरी सुटली, कुणाची मित्रमंडळी तुटली? दोघांनी एकमेकांना मारलेलं असलं, तरी या प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा एकाच बाजूला पडतात. पुरुष मार खात असेल किंवा जोडपं समलिंगी असेल, तरी प्रश्न हेच. मी इथे मारणारा “तो” आणि सोसणारी “ती” म्हणते आहे, पण काही घरांत हे उलट असतं आणि तिथला पुरुष लाजेने बोलत नाही.

“पाहण्यांतही बायका तितकंच मारतात असं दिसतं.” हा दावा बहुतेक वेळा मरे स्ट्रॉस यांच्या १९७९च्या प्रश्नावलीवर आणि तिच्यासारख्या मोजण्यांवर उभा असतो. ढकललं का, थप्पड मारली का, किती वेळा, असे प्रश्न त्यात होते. इजा किती झाली याची आणि लैंगिक जबरदस्तीची मोजणी १९९६च्या सुधारित आवृत्तीत आली. ढकलणं आणि गळा दाबणं यांची “दोघांचं एकेकदा” अशी बरोबरी होत नाही. जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल, तर त्याच्या हातून त्या बाईचा खून होण्याची शक्यता सात पटींहून अधिक वाढते, असं २००८च्या एका अमेरिकन अभ्यासात आढळलं.

“तिनेच चिडवलं.” दारावरची घंटा वाजताच ज्याचा हात थांबतो, कपड्याखाली झाकला जाईल अशाच जागी जो मारतो, त्याचा स्वतःवरचा ताबा सुटलेला नसतो.

“तो किती शांतपणे सांगतो, आणि ती नुसती किंचाळते.” या मुद्द्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे असं मला वाटतं. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७मध्ये एक ठरावीक क्रम दाखवून दिला: आधी नाकारायचं, मग आरोप करणाऱ्यावरच तुटून पडायचं, मग स्वतः पीडित बनायचं. “तिनेच मला असं बनवलं” हे त्यातलं शेवटचं पाऊल. उलट खरोखर सोसलेल्या माणसाच्या सांगण्यात पुष्कळदा तारखा मागेपुढे होतात, आवाज चढतो, मधेच रडू फुटतं. वर “मीही काही कमी नाही हो, मीही एकदा मारलं होतं” अशी कबुली ती न विचारताच देते. ती एक थप्पड तिला वर्षानुवर्षं टोचत असते, आणि ऐकणारे त्या थपडेचाच तिच्याविरुद्ध पुरावा करतात.

“इतकं होतं, तर सोडून का जात नाही?” कारण सोडून जाण्याचा काळच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. पकड निसटते आहे हे दिसलं की ती घट्ट करायला काही माणसं कुठल्याही थराला जातात.

शेवटचा सल्ला ठरलेला असतो: “दोघांना समोरासमोर बसवा, समेट करा.” धाक असलेल्या घरात असं करू नका. त्याच्यादेखत ती “सगळं ठीक आहे” म्हणेल, आणि खरं बोललीच तर त्याचा हिशेब घरी गेल्यावर होईल. आधी दोघांशी वेगवेगळं बोला, भीतीबद्दल थेट विचारा, आणि तिने सांगितलेलं त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.