गप्प बसणाऱ्याकडेही बघा
सगळ्यांनी मिळून एकाच बाजूने खेळायच्या खेळांत एकच जण बाकीच्यांच्या चाली ठरवतो, त्यावरच्या लेखात सगळा दोष या हुकूम सोडणाऱ्या खेळाडूवर टाकलाय, ते मला अर्धंच पटलं. 'पँडेमिक' हा असाच पटावरचा खेळ खेळताना मी एका मैत्रिणीच्या पाळीतल्या चारही चाली सांगून टाकायचे. एकदा लक्षात आलं, पाळी आली की ती पटाकडे बघतच नाही, प्यादं बोटांत धरून माझ्या तोंडाकडे बघत राहते. फार वाईट वाटलं. चूक माझी होतीच. पण पहिल्याच डावात 'तूच सांग ना' म्हणून पाळी तिने माझ्याकडे सोपवली होती, हेही खरं.

नुसतं 'कमी बोला' सांगून भागत नाही. सगळी माहिती पटावर उघडी असली की सराव असलेल्याला उत्तर दिसतं, आणि दिसल्यावर गप्प बसणं अवघड. 'हानाबी' या मिळून खेळायच्या पत्त्यांच्या खेळात (२०१३ चा 'श्पील देस यारेस', म्हणजे जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार, यालाच मिळाला) आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, बाकीच्यांना दिसतात, आणि इशारे मोजकेच. तिथे तीच मैत्रीण कपाळाला आठ्या घालून मला कोणता इशारा द्यावा ते ठरवत होती, आणि मला तिच्यावर विसंबावं लागत होतं! आता पँडेमिकमध्येही जिची पाळी तीच आधी बोलते. विचारल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, डाव हरला तरी.